केटे कोलवित्झविषयी लेकीस पत्र

प्रिय लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

केटे कोलवित्झ या जर्मन चित्रकार-शिल्पकार बाईची चित्रे पाहून तू लिहिलेस, की पोटचा मुलगा युद्धात मारला गेला म्हणूनच तिच्या हातून इतके दुःख कागदावर उतरले. तू स्वतः मुद्राचित्रण, म्हणजे ठशांवरून चित्रे छापण्याची कला, शिकते आहेस, म्हणून या समजुतीविषयी थोडे सविस्तर लिहिते.

तुला ज्याने हलवून सोडले ते ‘मृत बालकासह स्त्री’ हे एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेले चित्र, 1903 सालचे आहे. त्या वेळी तिचा धाकटा मुलगा पेटर सात वर्षांचा होता आणि चांगला धडधाकट होता; त्यालाच कुशीत घेऊन, आरशासमोर बसून तिने ते रेखाटले. मांडी घालून बसलेली ती उघडी बाई, मुलाच्या छातीत खुपसलेले तिचे तोंड आणि त्याला कवटाळून धरणारा तिचा हात, हे सारे पुत्रवियोगाच्या अकरा वर्षे आधीचे आहे. तिचे पती कार्ल हे डॉक्टर होते आणि 1891 पासून बर्लिनच्या कामगारवस्तीत त्यांचा दवाखाना होता. तिथे येणाऱ्या बायकांची दुखणी, बेकारी आणि मुलांची मरणे ती वर्षानुवर्षे ऐकत व पाहत होती. दुसऱ्याच्या घरातले दुःख इतक्या जवळून पाहण्याची तिची ताकद मला तिच्या स्वतःच्या शोकाहूनही मोठी वाटते.

पेटर पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर 1914 मध्ये, बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. तो अवघा अठरा वर्षांचा होता, त्यामुळे सैन्यात जाण्यासाठी त्याला वडिलांची परवानगी लागली. कार्ल तयार नव्हते आणि मुलाच्या वतीने त्यांचे मन वळवले ते केटेने. आई म्हणून हे वाचताना माझा हात थबकतो. त्याच वर्षी तिने त्याच्या स्मारकाचे काम हाती घेतले, 1919 मध्ये ते सोडून दिले, काही वर्षांनी पुन्हा धरले, आणि 1932 मध्ये कुठे त्या ग्रॅनाइटच्या मूर्ती बेल्जियममधल्या सैनिकांच्या दफनभूमीत उभ्या राहिल्या. पहिल्या आराखड्यात पेटर आडवा पडलेला, उशाशी बाप आणि पायथ्याशी आई असे होते. शेवटी तिने मुलालाच काढून टाकले. उरले ते दोन वेगवेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकलेले आईबाप: बाप ताठ, दोन्ही हातांनी स्वतःलाच आवळून धरलेला, आणि आई पुढे वाकलेली. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप मांडला, त्याचीच आकृती काढून टाकण्याचा निर्णय घ्यायला केवढे धैर्य आणि केवढी समज लागली असेल, याचा तू शिल्पाच्या अंगाने विचार कर.

त्याच काळातल्या ‘युद्ध’ या सात चित्रांच्या मालिकेसाठी ती आधी एचिंग आणि लिथोग्राफीत (दगडावरून चित्र छापण्याच्या पद्धतीत) झगडत होती. 1920 मध्ये जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बारलाखचे वुडकट, म्हणजे लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे, पाहिल्यावर तिने लाकूड कोरायला घेतले आणि मालिका मार्गी लागली. एवढे नाव मिळवल्यावर, पन्नाशी उलटून गेल्यावर, तिने नवे माध्यम अगदी मुळापासून शिकून घेतले. पुढे नाझींनी 1933 मध्ये तिला प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडायला लावले, 1942 मध्ये पेटर याच नावाचा नातूही दुसऱ्या महायुद्धात मारला गेला, आणि एप्रिल 1945 मध्ये, लढाई संपायला थोडेच दिवस उरले असताना, तिचे निधन झाले.

बर्लिनला ‘नोये वाखे’ या स्मारकात आई आणि मृत मुलगा यांचे तिचे शिल्प तू पाहशीलच, पण ती 1993 साली दुसऱ्या शिल्पकाराने केलेली मोठी प्रतिकृती आहे. तिने स्वतः घडवलेले मूळ शिल्प जेमतेम 38 सेंटीमीटर उंचीचे आहे. मुलाचे अंग आईच्या गुडघ्यांच्या आत कसे सामावले आहे, ते त्या लहान मापातच नीट कळते, असे माझे मत आहे. कोलोनच्या तिच्या नावाच्या संग्रहालयात ते आधी पाहा, चारही बाजूंनी रेखाटने कर, आणि मगच बर्लिनला जा. रेखाटने मला पाठव.

तुझी,
आई