नर्सिंग शाळेच्या प्रात्यक्षिक कक्षासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार, वि. वि.

नवे सत्र तोंडावर आले आहे आणि आपल्या शाळेच्या प्रात्यक्षिक कक्षातली निम्मी साधने निकामी झाली आहेत. म्हणून हे पत्र घाईने काढत आहोत.

आधी, ज्यांनी केले त्यांचे ऋण. परक्या माणसाची सेवा-शुश्रूषा करणे घरंदाज बाईला शोभत नाही असे म्हणण्याच्या काळात, १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला धाडले. १९४६ साली आरोग्यसेवेच्या पाहणीसाठी सरकारने नेमलेल्या भोर समितीने परिचारिकांचा तुटवडा देशापुढे मांडला, त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला पदवीचे नर्सिंग सुरू झाले, पाठोपाठ १९४७चा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला. आपल्या तालुक्यानेही हात आखडता घेतला नाही. पेठेतल्या व्यापारी मंडळींनी वसतिगृहाला जागा दिली. दूध संस्थेने कुंपण घातले, शिवाय पहिली दोन वर्षे मेसला दूध उधारीवर दिले आणि ती उधारी कधी मागितलीच नाही. माहेरवाशिणींनी ओवाळणीचे पैसे जमवून जी वर्गखोली बांधली तिला आजही सगळे ‘भाऊबीज खोली’च म्हणतात. निवृत्त मेट्रनबाईंनी तर पुस्तकांची तीन कपाटे दिली, एकूणएक पुस्तकाला खाकी कव्हर घालून. या सगळ्यांचे उपकार फिटणारे नाहीत.

गेल्या वर्षीच्या आवाहनाला मात्र थंडा प्रतिसाद मिळाला, आणि वाईट वाटले हे लपवत नाही. इमारतीला देणगी मिळते, कारण भिंतीवर पाटी लागते. सलाईन लावण्याचा सराव ज्यावर होतो त्या रबरी हाताला पाटी कुठे लावणार? पण मुलगी पहिली सुई त्या हाताला टोचते की थेट वॉर्डातल्या पेशंटला, हे त्या हातावरच ठरते.

त्या हाताचे दुखणे असे. एकाच जागी सुई टोचून टोचून कातडीला आणि आतल्या नळीला भोके पडतात, लाल पाणी कातडीखाली झिरपते आणि शीर सापडली तरी कॅन्युलाच्या (शिरेत घालायच्या बारीक नळीच्या) चेंबरमध्ये ‘रक्त’ चढत नाही. मग शीर लागली की हुकली हे मुलींना कळणार कसे? नवे हात नकोत. आहेत त्या दोन हातांसाठी कातडी आणि शिरांचे चार-चार संच हवेत. सरावानंतर रंगीत पाणी काढून नळ्या धुण्याची शिस्त आता लावली आहे, नाहीतर रंग सुकून नळी बुजते. कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) सरावाच्या मॉडेलला तेलकट मलम लावल्याने रबर फुगून चिकट झाले. त्याचा सुटा भाग आणि पाण्यात विरघळणारी जेली हवी.

सीपीआरच्या, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याच्या सरावाच्या, पुतळ्याची स्प्रिंग बसली आहे. छाती ५ ते ६ सेंमी दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा. सैल स्प्रिंगवर हात बसलेली मुलगी खऱ्या छातीवर कमीच दाबणार. नवजात बाळासाठी छोट्या अंबू बॅगा (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशव्या) चार हव्यात, मास्क शून्य आणि एक अशा दोन्ही नंबरांचे. न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास द्यायला लागावे लागते, मिनिटाला ४० ते ६०. मास्क मोठा असला तर हवा कडेने निसटते, आणि मोठ्यांच्या बॅगेने फुप्फुसाला इजा होऊ शकते. काट्याची बीपी यंत्रे सहा, लहान-मोठ्या कफांसह (जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी खोटेच वाढलेले दिसते).

लॅब टेक्निशियनच्या वर्गाला अजून सावत्र वागणूक मिळते. २०२१च्या कायद्याने या मंडळींसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली, पण आपल्याकडे पाचही मायक्रोस्कोपच्या भिंगांवर पावसाळ्यात बुरशी चढली आहे. त्यांची सर्व्हिसिंग आणि ओल शोषणारे सिलिका जेल एवढेच मागणे आहे.

मुदत संपलेली औषधे कृपया पाठवू नयेत, विल्हेवाटीचा खर्च संस्थेवर पडतो. सीलबंद सिरिंज व सलाईन सेट मुदत संपलेले असले तरी मॉडेलवरच्या सरावाला चालतात. ‘फक्त सरावासाठी’ असा शिक्का मारून आम्ही ते वेगळे ठेवतो. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक लागतो, तेव्हा निवृत्त सिस्टरांनी आठवड्यातून दोन दुपारी दिल्या तरी मोठा आधार होईल.

चेक संस्थेच्या नावे, क्रॉस करून. रोख देणगी २,००० रुपयांवर असल्यास करसवलत नाही. पावतीसाठी पॅन नंबर द्यावा. कोटेशन कार्यालयात पाहायला मिळतील, ११ ते ५, रविवार बंद. सुटे भाग यायला वेळ लागतो, म्हणून रक्कम गणपतीपूर्वी यावी.

कळावे, लोभ असावा.
आपला नम्र,
सचिव

ता. क. वस्तुरूपाने देणाऱ्यांनी खरेदीआधी मॉडेलचा नंबर कार्यालयातून घ्यावा. एका कंपनीची कातडी दुसऱ्या कंपनीच्या हातावर बसत नाही.