हिरवळ बदलणाऱ्यांसाठी सूचना
सभासदांनो, मिरग लागताच हरळी लावून घ्या. गोव्यातला मोसमी पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो; पुढे मेपर्यंत हिरवळ विहिरीच्या नाहीतर नळाच्या पाण्यावरच जगवावी लागते. हरळीची मुळे खोल जातात, वरून वाळली तरी जमिनीतल्या गाठींतून ती पुन्हा फुटते. शिवाय चवथीच्या दूर्वा घरच्या अंगणात मिळतात, हे सुख वेगळेच!

जुने गवत मुळासकट काढा. चिऱ्याच्या कठीण जमिनीवर शेणखत मिसळलेली माती पसरून हरळीचे गाठींसह तुकडे वीतभर अंतरावर खोचा. पाणी साचू देऊ नका. आंब्या-फणसाच्या दाट सावलीत मात्र ती टिकत नाही, तिथे हट्ट नको.

ज्यांच्याकडे हरळी भरपूर आहे त्यांनी रविवारी सकाळी पिशवीभर आणावी, कृपया तणनाशक न मारलेलीच.