चित्रपटावरील मत थोडक्यात असावे, पण प्रसंग दाखवून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचक जुन्या-नव्या चित्रपटांविषयी चार ओळींत जी मते लिहितात, ती मी आवर्जून वाचतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील वाचक इतक्या आस्थेने लिहितात याचा आनंद आहेच; परंतु अलीकडे ‘संथ आहे’, ‘जुना झाला’, ‘एकदा पाहायला हरकत नाही’ असे शेरे वाढले असून संतपट, तमाशापट, विनोदी चित्रपट आणि राजकीय चित्रपट हे सारे एकाच मापाने मोजले जात आहेत. मत थोडक्यात द्यावे, मात्र चित्रपटातला एखादा प्रसंग पुढे ठेवून द्यावे. त्याखेरीज ते दुसऱ्या प्रेक्षकाच्या उपयोगी पडत नाही, असे मला मनापासून वाटते.

प्रभातच्या ‘संत तुकाराम’ला (१९३६) संथ म्हटले गेले. त्याची चाल संथ आहे हे खरे, पण तो विष्णुपंत पागनिसांच्या अभंगांइतकाच गौरी यांनी उभ्या केलेल्या जिजाईचाही चित्रपट आहे. मूल आजारी पडल्यावर ती त्याला घेऊन थेट देवळात जाते आणि पायताण उगारून पांडुरंगालाच जाब विचारते. भक्तिपटात असा प्रसंग घालण्याचे धैर्य दामले-फत्तेलाल यांनी दाखवले, आणि तिचा संताप पोटच्या पोराच्या काळजीतून आलेला असल्यामुळे भाविक प्रेक्षकालाही तो खटकत नाही. त्यातल्या चमत्कारांपेक्षा मला हा संसार अधिक मोलाचा वाटतो.

पु. ल. देशपांडे यांनी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ अध्यापन केले, त्यामुळे त्यांच्या ‘गुळाचा गणपती’विषयी (१९५३) येथे विशेष आपुलकी आहे. आज पाहताना त्याची कथा सैल वाटते. पंडित भीमसेन जोशी यांच्या आवाजातले ‘इंद्रायणी काठी’ मात्र कधीही ऐकावे. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’बद्दल (१९७२) माझे मत बहुतेकांहून वेगळे आहे. राम कदम यांच्या चाली आणि जगदीश खेबुडकर यांचे शब्द यांना तोड नाही, तरी तमासगिरिणीच्या नादी लागलेल्या गावच्या मास्तरांचा अधःपात फार झटपट उरकल्यासारखा वाटतो. ज्याचा खून झाला असे गाव समजते तोच माणूस स्वतःच्या खुनाचा आरोपी म्हणून उभा राहतो, तेव्हा डॉ. श्रीराम लागू यांच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पाहीन.

ज्या चित्रपटाविषयी आपल्या पुरवणीत अजून कोणीच लिहिले नाही, तो म्हणजे जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला आणि १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला हा चित्रपट आमच्या भागातल्या तरुणांनी अवश्य पाहावा. चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात ऊस, कारखाना आणि त्याभोवतीचे राजकारण रोजच्या बोलण्यात असते, त्यामुळे निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील येथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हिंदुराव आरडाओरडा करणारा खलनायक नाही. तो पाहुण्याचे आदरातिथ्य करतो, अदबीने बोलतो आणि त्या अदबीतच त्याची जरब असते. त्याच्यासमोर लागूंचे मास्तर, व्यसनाने खचलेले, गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाविषयीचा ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा एकच प्रश्न धरून बसतात. सत्तेपुढे एक साधा प्रश्न न सोडणे, एवढ्यावर सबंध चित्रपट तोलून धरला आहे. मराठीतल्या राजकीय चित्रपटांत मी ‘सामना’ला सर्वांत वर ठेवतो.

विनोदी चित्रपटांना आपले वाचक हलके समजतात, ते योग्य नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ची (१९८८) मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली असली, तरी भाड्याच्या खोलीसाठी वणवण करणाऱ्या तरुणांची अडचण खरी आहे, आणि म्हणूनच त्यातले हसू अजून शिळे झालेले नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’वर पुष्कळ लिहून आले, मला ‘फँड्री’ (२०१३) अधिक श्रेष्ठ वाटतो. डुकरामागे धावणारे जब्या या शाळकरी दलित मुलाचे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. त्या प्रसंगात एकही संवाद नाही, तरीही जब्याच्या वाट्याला आलेले जगणे त्यात पुरते दिसते.

याच पंगतीत मी गिरीश कासारवल्ली यांच्या कन्नड ‘घटश्राद्ध’ला (१९७७) बसवतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या या दिग्दर्शकाने यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कथेतली, गर्भवती राहिलेली विधवा यमुना एका लहान मुलाच्या नजरेतून दाखवली आहे. मोठी माणसे शास्त्राधाराने तिचा निवाडा करीत असताना तिच्या जवळचे असे त्या मुलाखेरीज कोणी उरत नाही. येथील मराठी माणसाला कन्नड बहुधा समजते, घरात नाही तरी बाजारात तो ती बोलतो. मग पुरवणीतील अभिप्रायांतून कन्नड चित्रपट वगळण्याचे कारण दिसत नाही. सीमाप्रश्नाबद्दलची आमची भूमिका ठाम आहे आणि चांगला कन्नड चित्रपट पाहिल्याने तिला काही बाध येत नाही.

आपणास विनंती आहे की वाचकांचे अभिप्राय मागवताना प्रत्येकाने एका प्रसंगाचा उल्लेख करावा, अशी सूचना चौकटीत छापावी, चित्रपटाचे साल आणि दिग्दर्शकाचे नाव द्यावे आणि कन्नड चित्रपटांवरील मतांनाही त्याच स्तंभात जागा द्यावी. जागेची अडचण असल्यास तारांकित गुण देणारा तक्ता कमी केला तरी चालेल.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
शहापूर, बेळगाव