18 पूर्ण झाली, आता याला वकील कोण देणार?

मा. संपादक,
स. न.

अनाथ मुलांना सरकारनं 2018 साली 1 टक्का आरक्षण दिलं ते चांगलंच झालं, पण बालगृहातनं 18 पूर्ण करून बाहेर पडलेल्या पोराची पहिली अडचण नोकरी नसतेच मुळात, कागद असते. मी दिवाणी कोर्टात वकिली करतो, जमेल तसं अशा मुलांचं काम फी न घेता बघतो, म्हणून लिहितोय.

एक पोरगा प्लास्टिकच्या पिशवीत सगळं घेऊन आला होता. शाळेचा दाखला, त्यात वडिलांच्या नावापुढे रेघ, आधारवर पत्ता संस्थेचा, आणि संस्था तर सुटलेली. रूम दिलीय पण मालक भाडेकरार करून देत नाही. उत्पन्नाचा दाखला काढायला गेला तर सेतूवाला म्हणतो रेशनकार्ड आण, ते कुठनं आणणार? आणि हा दाखला कशाला हवा होता, तर मोफत वकील मिळवायला!

मोफत वकिलाचा कायदा 1987 चा. 18 च्या आत असेल तर मूल म्हणून वकील मिळतो, उत्पन्न कोणी विचारत नाही. मुलगी असेल तर पुढेही मिळतो कारण महिलांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती जमातीलाही नाही, पण ज्याची जातच माहीत नाही त्यानं काय दाखवायचं? मग उरतं वार्षिक 3 लाखांच्या आतलं उत्पन्न. खरं तर कलम 13 मध्ये लिहिलंय की उत्पन्नाबद्दल नुसतं प्रतिज्ञापत्रही ग्राह्य धरता येतं, पण हे त्या पोराला सांगणार कोण, खिडकीवरचा माणूस तर नाहीच सांगत.

यात सगळ्यात जास्त नुकसान जमिनीत होतं. संस्थेतली सगळीच मुलं अनाथ नसतात हो, कुणाची आई असते, गावाकडे वडिलांच्या नावचं एखादं एकर असतं. मुलगा अज्ञान, म्हणजे 18 च्या आत, असताना आईनं कोर्टाची परवानगी न घेता त्याचा हिस्सा विकला असेल तर ती विक्री रद्द करायला सज्ञान झाल्यापासून 3 वर्षं मिळतात, म्हणजे 21 पर्यंत. अनुरक्षण गृहाचा, म्हणजे 18 नंतर राहायला मिळणाऱ्या सरकारी सोयीचा, आधारही साधारण 21 लाच संपतो, अपवाद म्हणून 23. म्हणजे ज्या 3 वर्षांत पोरगं झोपायला जागा शोधत असतं त्याच 3 वर्षांत त्यानं सातबारा काढून फेरफार बघून दावा लावायचा. नंतर आला की आम्ही फक्त हात हलवतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की वकिलानं मुलगा 17 चा असतानाच संस्थेत जाऊन भेटावं, तेव्हा अधीक्षकांच्या सहीनं बरेच कागद निघतात आणि फाईलही हाताशी असते. प्रत्येक तालुक्याच्या वकील संघातल्या ज्युनिअर पोरांनी एकेक मूल 21 पर्यंत सांभाळायचं ठरवलं तर फार खर्च नाही, कोर्टात आपण रोज चहावर घालवतो तेवढा वेळ पुरतो (सीनियर मंडळी रागावतील, रागावू दे). मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरा लीगल व्हॉलंटियर, म्हणजे कायद्याच्या कामात मदत करणारे स्वयंसेवक, असतात, तहसीलच्या चकरा त्यांच्याकडे द्याव्यात. बालकल्याण समितीनंही मूल सोडताना 15100 हा मोफत कायदेशीर मदतीचा हेल्पलाइन नंबर आणि एका वकिलाचं नाव लेखी द्यावं, आत्ता बऱ्याचदा नुसती सोडल्याची ऑर्डर हातात देतात.

आपला,
एक वकील वाचक, सोलापूर