कुत्र्याचं गुरगुरणं बंद पाडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत कुत्र्याला ‘ताब्यात’ ठेवण्याविषयीचा लेख वाचला. पत्र त्याच दिवशी लिहिणार होते, पण रागाच्या भरात भलतंसलतं लिहिलं जाईल म्हणून एक रात्र जाऊ दिली. राग काही गेलेला नाही.

लेखक स्वतः ट्रेनर आहेत. त्यांच्या मते कुत्रा आपल्याआधी दारातून बाहेर पडला, सोफ्यावर चढला किंवा खाताना गुरगुरला की तो घराचा मालक व्हायला बघतोय असं समजायचं. मग त्याला पाठीवर पाडायचं आणि तो शरण येईपर्यंत दाबून धरायचं. का, तर लांडग्यांच्या कळपात एकच म्होरक्या असतो आणि बाकीचे त्याला दबून असतात. आपण इतक्या वाचकांपर्यंत पोचणारं वृत्तपत्र चालवता. हे छापण्याआधी कुणाला तरी विचारायला हवं होतं.

लांडग्यांची ही गोष्ट ज्यांनी जगभर पोचवली त्यांनीच ती मागे घेतली आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरून ती मांडली. निघून जायला जागाच नसली की भांडणं होणारच. पुढे अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात तीच मांडणी घेतली. पण हेच मेक १९८६ पासून वर्षानुवर्षं उन्हाळ्यात कॅनडाच्या पार उत्तरेला एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात राहिले आणि १९९९ साली त्यांनी लिहिलं की कळप म्हणजे साधं कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची पिल्लं. पिल्लं मोठी झाली की जोडीदार शोधायला निघून जातात. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले आणि २०२२ मध्ये ते थांबलं. आपल्या सोलापूर-पुण्याच्या माळरानांवरचे लांडगेही असेच जोडीने आणि पिल्लांसह राहतात. आणि कुत्रा माणसाजवळ येऊन निदान चौदा हजार वर्षं झाली. त्याला लांडग्याचे नियम लावायचेच कशाला?

हे सगळं मी एरवी कशाला वाचत बसले असते? वाचावं लागलं ते सांगलीला माझ्या थोरल्या भावाच्या घरी जे घडलं त्यामुळे.

दादाकडे ब्रूनो नावाचा लॅब्रेडोर होता. जरा आडदांड, पण मनाने अगदी गरीब. दोन वर्षांचा झाला आणि डोक्याला हात लावला की गुरगुरायला लागला. दादाने चौकशी करून एका ट्रेनरला बोलावलं. भरपूर कुत्री ‘सुधारलेला’ माणूस, असं सगळे सांगत होते. मी तेव्हा माहेरी होते, त्यामुळे त्याची शिकवणी डोळ्यांनी पाहिली. ब्रूनो गुरगुरला की हा त्याची चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) वर खेचायचा, त्याला फरशीवर आडवा पाडायचा आणि मानेवर कोपर ठेवून बसायचा. कुत्रं जीभ बाहेर काढून सारखं नाक चाटायचं, डोळ्यांतला पांढरा भाग दिसायचा, शेपूट पोटाशी घट्ट गेलेली असायची. एकदा तर त्याने तिथेच लघवी केली. ट्रेनर वहिनीला म्हणाला, “बघा ताई, उतरला माज. मानलं त्याने.” वहिनी खालमानेने फडकं आणायला गेली.

आणि खरंच गुरगुरणं बंद झालं. दादाने ट्रेनरचे पैसे चुकते केले, घरात सगळ्यांना बरं वाटलं. पुढे दिवाळीच्या सुट्टीत भाची ब्रूनोच्या शेजारी बसली होती. तिने नेहमीसारखा लाडाने त्याचा कान धरला. तो गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत, काही नाही. एकदम मनगट धरलं. टाके पडले, रेबीजच्या इंजेक्शनांचा कोर्स झाला. पोरीचं वय नऊ. आजही रस्त्यात कुत्रं दिसलं की ती माझ्यामागे दडते आणि म्हणते, “आत्या, त्याला जाऊ दे आधी.”

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी ब्रूनोला गुंगीचं औषध देऊन तपासलं. उजवा कान आतून सुजून लालबुंद झालेला, तपकिरी घाण भरलेली, घाण वास. कित्येक महिन्यांचं जुनं दुखणं आहे, म्हणाले. म्हणजे तो गुरगुरायला लागला तेव्हापासून त्याचा कान ठणकत होता! ‘इथे हात लावू नका, दुखतंय’ हे सांगायची त्याच्याकडे एकच सोय होती, आणि ती वापरायचीच नाही असं त्याला मारून मारून शिकवलं गेलं. माज कसला आणि मालकी कसली? त्या ट्रेनरने कानात एकदा वाकून बघितलं असतं तर माझ्या भाचीच्या हातावर आज व्रण नसता.

ब्रूनोला घरात ठेवायला वहिनी तयार नव्हती, आणि तिला दोष कसा द्यायचा? मिरजेकडच्या एका पोल्ट्रीवर त्याला देऊन टाकलं. मी एकदा बघायला गेले होते. शेडच्या कोपऱ्यात आखूड साखळीला बांधलेला होता. मला बघून उठला, पण जवळ आला नाही.

त्यामुळे आपल्या लेखातलं ‘गुरगुरणाऱ्या कुत्र्याला तिथल्या तिथे शिक्षा करा’ हे वाक्य वाचून माझ्या हाताला कापरं भरलं. चुलीवर दूध उतू जाताना झाकण दाबून धरायचा हा प्रकार आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००९ साली वागण्याच्या तक्रारी असलेल्या कुत्र्यांच्या मालकांची पाहणी झाली. कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली असं सांगणाऱ्यांपैकी ४३ टक्के जणांवर कुत्रं उलटून आक्रमक झालं होतं. पाठीवर पाडून दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्के जणांवर. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच या ‘हुकमत’ पद्धतीविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. वेल्सने २०१० साली शॉक कॉलरवर, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यावर, बंदी घातली. आणि आपल्याकडे २०२५ नंतरही रविवारच्या पुरवणीत कोपराने मान दाबायचे धडे!

लेखक म्हणतात, धाक नसेल तर कुत्रं ऐकत नाही. बॉम्ब शोधणारी कुत्री बघावीत. वास लागला की कुत्रं शांत बसतं आणि त्याला त्याचा चेंडू मिळतो. त्या चेंडूसाठी ते जीव तोडून काम करतं. घरातही तेच. पोळीचा तुकडा नाकासमोरून हळू वर आणि मागे न्या, कुत्रं तुकड्याकडे बघता बघता आपोआप बूड टेकतं. टेकलं की तुकडा द्यायचा, तोंडाने ‘बस’ म्हणायचं. वाडग्याजवळ कुणी गेलं की कुत्रं गुरगुरत असेल तर वाडगं हिसकावू नका. जाता जाता लांबूनच त्यात चिकनचा तुकडा टाका. माणूस जवळ आला की ताटातलं जात नाही, वाढतं, हे त्याला हळूहळू कळायला लागतं. यात लाड कुठे आले? शिस्त मलाही हवी आहे. पट्टा ओढणारं, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणारं कुत्रं कुणालाच नको असतं. पण ज्याच्याबरोबर आपल्याला बारा-पंधरा वर्षं काढायची आहेत त्याने आपल्याला घाबरून राहावं असं मला वाटत नाही. आपण त्याचं ऐकलं तर ते आपलं ऐकतं, हे मी माझ्या घरी रोज बघते.

कायद्याचंही सांगते. प्राण्याला विनाकारण मारहाण करणं, आखूड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत कुणाला जरब बसणार? ती कमाल रक्कम साठ वर्षांत वाढलेली नाही, यावर आपल्या वृत्तपत्राने एखादा अग्रलेख लिहावा. मी त्याचं कात्रण काढून ठेवेन.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो कुणी निवडला? तीन-चार वर्षांचं मूल बीगलच्या गळ्यात दोन्ही हात टाकून बसलंय, खाली ‘जिवाभावाचा मित्र’. त्या कुत्र्याचं तोंड मिटलेलं आहे, मान दुसरीकडे वळलेली आहे, डोळ्याच्या कडेला पांढरा भाग स्पष्ट दिसतोय. ते कुत्रं घाबरलेलं आहे आणि मुलाचा गाल त्याच्या जबड्यापासून वीतभरही लांब नाही. असा फोटो बघून उद्या कुणी आपल्या लेकराचा तसाच फोटो काढायला गेलं तर?

लेखाच्या शेवटी ट्रेनरचा फोन नंबर आणि ‘पहिली भेट मोफत’ असं छापलं आहे. मग ती जाहिरात आहे, आणि जाहिरात असेल तर वर तसं लिहायला हवं. आपल्याकडे ट्रेनर म्हणून पाटी लावायला कसली परीक्षा द्यावी लागत नाही. लोकांचा विश्वास बसतो तो पेपरात आलं म्हणून. दादाचाही असाच एका कात्रणावर बसला होता.

माझी मागणी एवढीच आहे की येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढीच जागा देऊन, पशुवैद्याने लिहिलेला लेख छापावा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईतही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या कुणालाही विचारा. आणि कुत्रं अचानक गुरगुरायला लागलं तर आधी कान, दात आणि सांधे तपासून घ्या, हे त्यात ठळक अक्षरांत असू द्या.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा