सायकलची सीट पायडलवरून मापावी

संपादक महोदय,

जूनमध्ये शाळा सुरू होताना सायकलच्या दुकानांपुढे पालकांची रीघ लागते आणि बहुतेक दुकानांत एकच मागणी ऐकू येते : "दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी सीट खाली घ्या." मुलगा किंवा मुलगी पडू नये, ही त्यामागची काळजी रास्त आहे. परंतु सायकल येऊ लागल्यानंतरही सीट वर्षानुवर्षे त्याच उंचीवर राहते आणि त्याचा भार गुडघ्यांना सोसावा लागतो, हे क्रीडाशिक्षक म्हणून मी अनेक वर्षे पाहत आलो असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी नववीतील एक विद्यार्थिनी गुडघ्याची वाटी दुखते म्हणून खेळाच्या तासाला बसून राहू लागली. रोज जाऊन-येऊन आठ किलोमीटर सायकल चालवणारी ही मुलगी एके दिवशी फाटकातून आत येताना मी पाहिली, तेव्हा तिचे गुडघे जवळजवळ हँडलपर्यंत वर येत होते आणि पाय एकदाही पुरता सरळ होत नव्हता. तिच्या पायाचे आतल्या बाजूचे माप (जांघेपासून जमिनीपर्यंत) 68 सेंटिमीटर भरले, तर पायडलचा दांडा जिथे फिरतो त्या मध्यबिंदूपासून सीटची उंची होती अवघी 52 सेंटिमीटर.

सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि त्याच अवस्थेत मांडीच्या पुढच्या स्नायूंना जोर लावावा लागतो. दुमडलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते, म्हणून दुखणे पुढच्या बाजूला येते. पाय सरळ होण्याआधीच पायडल तळाला पोहोचत असल्याने पायाची ताकद पुरती वापरली जात नाही आणि चढावर दम लवकर लागतो. सीट प्रमाणाबाहेर वर नेली तर उलट त्रास होतो : पायडल गाठण्यासाठी चवडा ताणावा लागतो, पोटऱ्यांवर आणि मांडीच्या मागच्या स्नायूंवर ताण येतो, कंबर डावी-उजवीकडे डुलू लागते आणि गुडघ्याच्या मागे दुखते.

योग्य उंचीचा अभ्यास जुना आहे. हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांनी 1967 मध्ये पायाच्या आतील मापाच्या 109 टक्के हे अंतर सुचवले. ते तळाशी असलेल्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजायचे. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत तीनदा जिंकणारे ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत याहून सोपी आहे : आतील मापाला 0.883 ने गुणावे आणि ते अंतर दांडा जिथे फिरतो त्या मध्यबिंदूपासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजावे. आमच्या विद्यार्थिनीसाठी ते 60 सेंटिमीटर आले, म्हणजे तिची सीट आठ सेंटिमीटर खाली होती. ती आम्ही एकदम न चढवता थोडी थोडी करून काही आठवड्यांत वर नेली, कारण स्नायूंना नव्या हालचालीची सवय व्हावी लागते.

ज्यांना गणित नको, त्यांनी भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे, पायडल तळाशी आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय नेमका सरळ झाला तर उंची ठीक. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात हलकासा बाक उरतो. तज्ज्ञ तो साधारण 25 ते 35 अंश असावा असे सांगतात. सीटच्या नळीवर कमाल उंचीची खूण असते, तिच्यापलीकडे मात्र नळी बाहेर काढू नये. तेवढ्यानेही उंची पुरत नसेल, तर सायकलच लहान पडते आहे.

अशा उंचीवर बसल्या जागी दोन्ही तळवे टेकत नाहीत, ही पालकांची मुख्य धास्ती असते. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकावा, हे मोकळ्या मैदानात शिकवले की मुलांना दोन-तीन दिवसांत जमते. ज्याला अजून तोल सांभाळता येत नाही, त्याची सीट तोवर खालीच असू द्यावी.

माझी विनंती दुकानदारांना आणि शाळांना आहे. सायकल देताना पाना हाती असतोच, तेव्हा दोन मिनिटे मापासाठी द्यावीत. आणि वाढत्या वयात उंची झपाट्याने बदलत असल्यामुळे शाळांनी प्रत्येक सत्राच्या आरंभी खेळाच्या एका तासाला सर्व सायकलींच्या सीट तपासून घ्याव्यात. आमच्या शाळेत हे काम आता नववीची मुले-मुलीच करतात. त्याला एक मोजपट्टी आणि एक पाना पुरतो.

आपला नम्र,
एक क्रीडाशिक्षक, सातारा