सीडी कपाटात ठेवली म्हणजे दप्तर जपलं असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या जो तो आपल्या संस्थेचं जुनं दप्तर डिजिटल करायला निघालाय, चांगलंच आहे, पण सांगलीत गावभागातल्या एका संस्थेचं काय झालं ते ऐका (नाव घेत नाही, मीच तिथं चिटणीस होतो, म्हणजे चूक माझीही आहेच). २००५ च्या पुरानंतर आम्ही हौसेनं इतिवृत्तं, जुने फोटो स्कॅन करून आणि अहवाल टाइप करून सगळ्याच्या सीडी केल्या आणि ठेवल्या कुठं, तर रजिस्टरांच्याच कपाटात, तळमजल्यावर! २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५, मग काय, कपाट आडवं आणि सगळं एकत्रच चिखलात.

मोडीतलं जुनं रजिस्टर पान पान सुटं करून पंख्याखाली वाळवलं ते आजही वाचता येतं. सीडी लावायच्या तर कॉम्प्युटरला ड्राइव्हच नाही. पुतण्यानं बाहेरून ड्राइव्ह आणला, चार सीडी चालल्या, त्यात अहवाल पेजमेकर या छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरमधे, फॉन्ट श्रीलिपी, कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी दिसण्याची युनिकोडची सोय रुळायच्या आधीचं काम ते, फॉन्ट नसला की नुसती चिन्हंच दिसतात. फोटोंची नावं स्कॅन१, स्कॅन२.

आता कोटेशन मागवताना सगळे पानामागं रेट किती तेवढंच विचारतात. स्कॅनच्या मूळ, पूर्ण दर्जाच्या टिफ फायली हातात देणार की आकार लहान करायला दाबलेल्या, दर्जा घटलेल्या नुसत्या जेपीजी, कुठल्या फायलीत काय आहे त्याची यादी कोण करणार, हे कुणी विचारत नाही. छापील मराठी आता ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला, बऱ्यापैकी वाचता येतं, म्हणजे ८० वर्षांपूर्वीच्या अहवालात आजोबांचं नाव सर्च करून सापडेल, केवढी सोय! मोडी हस्ताक्षराला मात्र अजून जाणकार माणूसच लागतो, त्याला मानधन द्या की. आणि कॉप्या तीन करा, एक गावाबाहेर ठेवा, जतला कुणी पाहुणे असले तर उत्तम, तिथं कृष्णेचा पूर काय येत नाही. खंडेनवमीला हत्यारं काढतो तशी वर्षातून एकदा हार्डडिस्क काढून फायली उघडतात का तेवढं बघायचं.

आमच्या त्या सीडीवरच्या फोटोंचे प्रिंट काढून संस्थेच्या हॉलमधे मांडतोय, दर रविवारी सकाळी मी तिथं असतो. जुन्या सभासदांनी येऊन माणसं ओळखून द्यावीत, चहा आमच्याकडून.

– एक माजी चिटणीस, सांगली